टर्मिनलवरचा फॉर्म: कुठे अडवायचं, कुठे नुसतं विचारायचं?

आडतीवर, पतसंस्थेत, जिनिंगच्या काट्यावर काळ्या पडद्यावरचे फॉर्म अजून रोज भरले जातात. माउस नाही, रंग दोन-तीनच, आणि भरणाऱ्याची नजर पडद्यापेक्षा हातातल्या कागदावर जास्त. या वेळी आलेले प्रश्न अशाच फॉर्मच्या रकान्यांत आलेली माहिती तपासण्याबद्दल आहेत.

आडत दुकानासाठी पायथनच्या कर्सेसमध्ये (टर्मिनलवर फॉर्म दाखवणारी लायब्ररी) पट्टीचा, म्हणजे शेतकऱ्याच्या मालाच्या हिशेबाच्या पावतीचा, फॉर्म केला आहे. वजनाला १० ते ३०० क्विंटल अशी मर्यादा आहे आणि प्रत्येक कळीला तपासणी होते. मुनीमजी म्हणतात, "हे तर काहीच लिहू देईना गेलंय." तपासणी नेमकी कधी करावी?
— एक वाचक, लातूर

मुनीमजींचं बरोबर आहे. तुमच्याच फॉर्ममध्ये १२.४५ लिहून बघा. पहिली कळ १. एक म्हणजे दहापेक्षा कमी, म्हणून प्रोग्राम ती कळ घेतच नाही. पुढचं लिहायची वेळच येत नाही. अर्धवट लिहिलेला आकडा चुकीचा नसतो, तो अपुरा असतो. शिवाय किमान १० कशासाठी? दोन-तीन क्विंटल घेऊन येणारा शेतकरीही तुमचंच गिऱ्हाईक आहे. शून्यापेक्षा जास्त, एवढी अट पुरे.

कळीगणिक एकच गोष्ट बघा: हे अक्षर या रकान्यात कधीतरी येऊ शकतं का? वजनात अंक आणि एक टिंब येईल, बाकी काही नाही. आकडा नीट आहे का, मर्यादेत आहे का, हे रकाना सोडताना बघा. दोन रकान्यांचा एकमेकांशी संबंध असेल तर ती तपासणी जतन करताना. भरलेल्या गाडीचं वजन रिकामीपेक्षा जास्त हवं हे खरं, पण ते पहिल्याच रकान्यात तपासलं तर रिकामीचं वजन अजून लिहिलेलंच नसतं आणि माणूस तिथेच अडकतो.

फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस सॉफ्टवेअरवर काम केलेल्यांना आठवत असेल, रकाना मांडणाऱ्या गेट आज्ञेला व्हॅलिड ही अट जोडली की अट पूर्ण होईपर्यंत कर्सर रकान्यातून हलत नसे. ती सवय अनेकांच्या हातात अजून आहे आणि म्हणून प्रत्येक तपासणीचं कुलूप होतं. माझं मत स्पष्ट आहे: जे शक्यच नाही तेच अडवा. जे शक्य आहे पण विरळा आहे, तिथे विचारा. सोयाबीनचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये आहे. भावाच्या रकान्यात ५३,२८० आलं तर एक शून्य जास्त पडलंय हे उघड आहे, तरी विचारूनच पुढे जा. आणि १,८०० आलं तर अजिबात अडवू नका. पावसात भिजून काळा पडलेला माल त्या भावातही जातो आणि त्याची पट्टी तशीच लिहावी लागते.

विचारताना एक काळजी घ्या. "हाच भाव बरोबर का?" याचं उत्तर एंटरवर ठेवू नका. मुनीमजींचा हात दिवसभर एंटरवरच असतो, प्रश्न वाचायच्या आत तो मान्य होऊन जाईल. होकारासाठी वेगळी कळ ठेवा. नुसती बीप तर काढूनच टाका, सौदे सुरू असताना ती कुणाला ऐकू येणार? पडद्याच्या तळाला एक ओळ राखून ठेवा आणि तिथे "अवैध माहिती" असं न लिहिता "वजन क्विंटलमध्ये लिहा, उदा. १२.४५" असं लिहा. चुकलेला मजकूर पुसू नका. तो डोळ्यांसमोर असला तरच चूक दिसते.

सभासदाचं नाव देवनागरीत घेतो. पायथनच्या इज-अल्फाने (मजकुरात फक्त अक्षरं आहेत का हे सांगणारं फंक्शन) तपासतो. "कमल" चालतं, "गगन" चालतं, पण "राम" आणि "सीता" नाकारली जातात. काय चुकतंय?
— पतसंस्थेचं सॉफ्टवेअर करणारी एक विद्यार्थिनी, नांदेड

तुमची चाचणीची नावं योगायोगाने बिनमात्र्याची निघाली, नाहीतर हे पहिल्याच दिवशी दिसलं असतं. इज-अल्फा युनिकोडमध्ये (सगळ्या लिप्यांच्या वर्णांना क्रमांक देणारी पद्धत) ज्यांना "अक्षर" हा वर्ग दिलाय त्यांनाच हो म्हणतं. काना, वेलांटी, उकार, हलन्त, अनुस्वार यांचा वर्ग "चिन्ह" असा वेगळा आहे. "कमल"मध्ये नुसती अक्षरं आहेत. "राम"मध्ये काना आला की उत्तर नाही. म्हणून प्रत्येक वर्णाचा युनिकोड वर्ग बघा आणि अक्षर व चिन्ह दोन्ही चालू द्या. त्यांच्या जोडीला जागा, टिंब, जोडरेघ आणि खाली येणारा झेडडब्ल्यूजे. आडनाव नसलेला माणूस असतो, एका अक्षराचं आद्याक्षरही असतं. नावाच्या रकान्यात यापेक्षा कडक अट घालू नका. आपलं नाव यंत्र घेत नाही हे काउंटरवर चारचौघांत ऐकणं कुणाच्याही वाट्याला येऊ नये.

लांबीचंही असंच आहे. "क्षीरसागर" वाचायला पाच अक्षरं, युनिकोडमध्ये नऊ वर्ण आणि यूटीएफ-८ मध्ये (युनिकोड फाइलमध्ये साठवायची पद्धत) सत्तावीस बाइट. सी भाषेत लांबी मोजणाऱ्या स्ट्रलेनने मोजलं तर सत्तावीस येतील. रकान्याला वीसची मर्यादा घातली असेल तर वीस काय, हे आधी ठरवा. बाइट मोजून नाव कापलं तर ते वर्णाच्या मधोमधही तुटतं आणि पुढे फाइल वाचताना सगळा प्रोग्राम अडखळतो.

यापेक्षा अवघड जागा "कऱ्हाळे" या आडनावाची आहे. यातला ऱ्ह तीन तऱ्हांनी टाइप होतो: तयार ऱ वापरून, साधा र आणि त्याला नुक्ता (खालचं टिंब) जोडून, किंवा र, हलन्त आणि झेडडब्ल्यूजे हा न दिसणारा जोडवर्ण टाकून. पडद्यावर तिन्ही सारखे, यंत्राला तिन्ही वेगळे. एकच सभासद तीनदा नोंदला जाईल. एनएफसी सामान्यीकरण (एकच वर्ण वेगवेगळ्या तऱ्हांनी लिहिला असेल तर तो एका रूपात आणणं) केलं की पहिले दोन एक होतात. तिसरा होत नाही, तो तुम्हालाच बदलून घ्यावा लागेल: र-हलन्त-झेडडब्ल्यूजे दिसलं की तिथे ऱ-हलन्त. हे जतन करताना करा आणि शोधतानाही करा.

जाता जाता अंकांबद्दल. देवनागरी अंकांना पायथनचं इज-डिजिट (अंकच आहेत का हे तपासणारं) हो म्हणतं आणि इंट (मजकुराचा आकडा करणारं) त्यांचा आकडाही नीट करतं. पण मजकूर म्हणून जतन केलं तर देवनागरीतला खातेक्रमांक आणि इंग्रजी अंकांतला तोच खातेक्रमांक जुळणार नाहीत. एकाच लिपीत आणून ठेवा. खातेक्रमांकाला मात्र इंट लावू नका, सुरुवातीची शून्यं जातात.

बियाण्यांच्या नोंदणीत पिनकोड ४३१ ने सुरू व्हावा आणि गाडी एमएच २० ते २६ मधलीच असावी अशी अट घातली. तक्रारी येत आहेत.
— एक वाचक, जालना

येणारच. ४३१ म्हणजे मराठवाडा नव्हे. लातूर ४१३५१२, उदगीर ४१३५१७, तुळजापूर ४१३६०१. दोन जिल्हे तुम्ही बाहेर ठेवले. पिनकोड सहा अंकी आणि पहिला अंक शून्य नको, यापलीकडे रकान्यात काही तपासू नका. गाव आणि पिनकोड जुळतात का हे यादीवरून बघता येईल, तेही फक्त विचारण्यापुरतं.

गाड्यांचं तसंच. छत्रपती संभाजीनगरपासून नांदेडपर्यंत २० ते २६ हे ठीक, पण हिंगोली जिल्हा १९९९ मध्ये परभणीतून वेगळा झाला आणि त्याला ३८ मिळाला. अंबाजोगाईला ४४, उदगीरला ५५. २०२१ पासून बीएच मालिकाही आहे, तिच्यात राज्याची अक्षरं नसतात, आधी वर्षाचे दोन अंक येतात. शिवाय बिदर आणि निजामाबादकडच्या गाड्या जालन्याला येणार नाहीत असं कुणी सांगितलं?

जिल्ह्याची यादी प्रोग्राममध्ये कोरून ठेवली असेल तर ती आजच बाहेरच्या फाइलमध्ये काढा. २०२३ मध्ये दोन जिल्ह्यांची नावं बदलली. नोंदीत नावाऐवजी संकेतांक ठेवलेल्यांना फक्त यादीतल्या दोन ओळी बदलाव्या लागल्या. टाइप करणाऱ्याने उस्मानाबाद लिहिलं तरी धाराशिव निवडलं जावं, जुनं नाव ही चूक नाही.

सी भाषेत एनकर्सेसची (कर्सेसचीच एक आवृत्ती) फॉर्म लायब्ररी वापरतो. जतन केल्यावर शेवटचा रकाना रिकामा येतो, बाकीच्यांच्या मागे मोकळ्या जागा येतात. पूर्णांकाचा रकाना कोरा सोडला तरी चालतो.
— एक वाचक, परभणी

तिन्ही गोष्टी लायब्ररीच्या ठरलेल्या वागण्यातल्या आहेत. कर्सर ज्या रकान्यात आहे त्याचा मजकूर तपासणी होईपर्यंत बफरमध्ये, म्हणजे रकान्याचा मजकूर ठेवायच्या जागेत, उतरत नाही. जतन करण्याआधी फॉर्म ड्रायव्हरला (फॉर्मवरच्या आज्ञा पार पाडणारं फंक्शन) व्हॅलिडेशनची, म्हणजे तपासणीची, विनंती पाठवा आणि तो काय परत देतो ते बघा. नाकारलं असेल तर जतन करू नका. बफर नेहमी रकान्याच्या रुंदीइतका जागांनी भरलेला असतो, मागच्या जागा तुम्हीच छाटा. कोरा रकाना चालतो कारण नल-ओके हा पर्याय मुळात सुरू असतो, तो बंद करा. पास-ओकेही सुरू असतो, त्यामुळे ज्याला हात लागला नाही तो रकाना तपासलाच जात नाही. जुन्या फाइलमधून नोंदी भरून दाखवत असाल तर तोही बंद करा.

गावच्या निजामकाळच्या जमीन-दप्तराची सूची करतोय. वर्ष १९०० नंतरचंच घेत होतो, म्हणून १३४३ नाकारलं गेलं. मर्यादा १३०० पर्यंत खाली आणली, तर आता कुठलंही वर्ष चालतं.
— एक वाचक, बीड जिल्हा

दप्तरातलं १३४३ हे फसली वर्ष आहे, म्हणजे निजामाच्या महसुली दप्तरात वापरल्या जाणाऱ्या कालगणनेतलं. एका रकान्यात दोन कालगणना घातल्या की कुठलीच मर्यादा कामाची राहत नाही. १९४३ लिहिताना १३४३ झालं तर आता ते कोण पकडणार? वर्षाच्या आधी एका अक्षराचा रकाना ठेवा, फसलीसाठी फ किंवा इसवीसाठी इ. त्यावरून मर्यादा ठरू द्या. फसलीची वरची कड थोडी सैल ठेवा, कारण १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाची राजवट संपल्यावर सगळ्या दप्तरांनी त्याच दिवशी लिहिण्याची पद्धत बदलली असेल असं धरून चालू नका.

कागदावर जे आहे तेच जतन करा. हैदराबाद संस्थानच्या फसलीत साधारण ५९० मिळवले की इसवी सन येतो, पण एक फसली वर्ष दोन इसवी वर्षांत पसरतं. म्हणून १३५७ समोर १९४७-४८ असं वेगळ्या रकान्यात प्रोग्रामनेच दाखवावं, टाइप करणाऱ्याला गणित करायला लावू नये. आणि "वाचता येत नाही" असा स्पष्ट पर्याय द्या. तो नसेल तर कसर लागलेल्या पानासमोर बसलेला माणूस पुढे जाण्यासाठी अंदाजे आकडा टाकेल. २०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधासाठी ही दप्तरं पुन्हा उघडली गेली आहेत. तिथला एक अंदाजाचा आकडा कुणाच्या तरी दाखल्यापर्यंत जाऊ शकतो.

आयएफएससी आणि आधार टर्मिनलवर कितपत तपासावेत?
— एक वाचक, हिंगोली

आयएफएससी, म्हणजे बँकेच्या शाखेचा संकेतांक, अकरा वर्णांचा: पहिली चार अक्षरं, पाचवा नेहमी शून्य, पुढचे सहा अक्षर किंवा अंक. पाचव्या जागी ओ आला तर बेलाशक शून्य करून दाखवा, तिथे दुसरं काही असूच शकत नाही. शेवटच्या सहांत मात्र हात घालू नका. व्हॉट्सॲपवरून चिकटवलेल्या मजकुरात शून्य रुंदीची जागा लपून येते आणि पायथनची स्ट्रिप (मागच्या-पुढच्या जागा छाटणारी) ती काढत नाही, ती वेगळी काढा.

आधारचे बारा अंक, पहिला ० किंवा १ नसतो, आणि शेवटचा अंक व्हरहूफ पद्धतीने, म्हणजे आधीच्या अंकांवरून पडताळणीसाठी, काढलेला असतो. एक अंक चुकला किंवा शेजारचे दोन अंक उलटले की ही पद्धत नक्की पकडते. क्रमांक त्याच माणसाचा आहे का, हे ती सांगत नाही. चुकीच्या संदेशात किंवा लॉगमध्ये पूर्ण क्रमांक छापू नका, शेवटचे चार अंक पुरतात.