आजीशी वाद घालू नकोस, तिला सरावाला आण

ढोल पथकात नवीन आहेस म्हणून सांगते. "मुलीच्या जातीनं रात्री नऊपर्यंत नदीपात्रात सराव?" हे घरोघरी ऐकू येतं. माझी आजी लक्ष्मी रोडवरची मिरवणूक माडीच्या खिडकीतूनच बघायची. खाली उतरायची टाप नव्हती. वाद घालत बसू नकोस, एकदा तुझ्या आजीला सरावाला घेऊन ये. माझ्या आजीने ढोलाच्या दोरीची गाठ चाचपली आणि म्हणाली, "सैल आहे गं!" आता विसर्जनाच्या दिवशी तीच आवळून देते. १८४८ मध्ये भिडेवाड्यातल्या फुले दांपत्याच्या शाळेत मुलींनी नुसती पाटी धरली, तरी केवढा गहजब झाला होता! आणि हो, टिपरू (ढोल वाजवायची काठी) धरायच्या हाताला पहिले आठ दिवस चिकटपट्टी लाव. फोड दिसले की आजीला आयतं निमित्त मिळतं.