शाळेच्या प्रकल्पासाठी मराठेशाहीची कालरेषा (१६३० ते १८१८) काढायची आहे. तारखा आणि कालखंड एकत्र कसे दाखवावेत?

घटनेला उभी खूण, कालखंडाला आडवी पट्टी. सगळं एकाच रेषेवर कोंबलं की नुसती गिचमिड होते. १ वर्षाला ३ मिमी धरा, म्हणजे १८८ वर्षं साधारण ५६ सेंमीत बसतात. ६ जून १६७४ (राज्याभिषेक), १४ जानेवारी १७६१ (पानिपत) या झाल्या खुणा. शाहू महाराजांची कारकीर्द (१७०८–१७४९) रंगीत पट्टीने दाखवा आणि पहिल्या बाजीरावांची पेशवाई (१७२०–१७४०) तिच्याखाली वेगळ्या पट्टीत. एकावर एक रंगवलंत तर छत्रपती कोण नि पेशवा कोण हेच कळणार नाही. १६७४ आणि १६८० (शिवाजी महाराजांचं निधन) यांच्यामध्ये जेमतेम १८ मिमी जागा उरते, तिथे एक मजकूर रेषेच्या वर, दुसरा खाली. आणि हो, आधी पेन्सिलने!