रीमर नवा असूनही १२ एच७ चं भोक तोंडाशी मोठं का येतं?

तुमचा प्रश्न असा: साकीनाक्याच्या वर्कशॉपमध्ये पिलर ड्रिलवर २५ मिमीच्या एमएस (माइल्ड स्टील) प्लेटला ११.५ चं ड्रिल आणि मग १२ चा मशीन रीमर (ड्रिल केलेलं भोक अचूक मापाला आणणारं हत्यार) मारता. रीमर नवा, तरी भोक तोंडाशी १२.०५ भरतं आणि आत उभे ओरखडे दिसतात.

लगेच दुसरा रीमर आणायला नागदेवीच्या हत्यार बाजारात जाऊ नका. आधी समोरासमोरच्या धारांवर मायक्रोमीटर लावा. १२ एच७ चा रीमर १२.००८ ते १२.०१५ भरायला हवा, कारण एच७ म्हणजे भोकाची ठरलेली मर्यादा, आणि १२ मिमीला ती १२.००० ते १२.०१८ आहे. तो मापात असेल, तर दोष सेंटरचा आहे, म्हणजे रीमर आणि भोक यांचे मध्य एका रेषेत नाहीत. रीमर माप आणि फिनिश देतो, सरकलेलं भोक जागेवर आणत नाही. सेंटर जुळलं नाही की शिरताना तो ओढला जातो आणि तोंड खाऊन टाकतो.

म्हणून एकदा क्लॅम्प केलेला जॉब सोडूच नका. सेंटर ड्रिल, ११, ११.७५ आणि रीमर, सगळं त्याच बांधणीत. सकाळी सगळ्या प्लेटा ड्रिल करायच्या आणि दुपारी पुन्हा बांधून रीमर मारायचा, ही पद्धत एच७ ला चालत नाही.

११.७५ चं ड्रिल प्रत्यक्षात ११.८ च्या आसपास भोक पाडतं, म्हणजे रीमरला ०.२ उरतं. तुमचं ०.५ फार झालं. चिप्स खाचांत दाटतात आणि भिंत खरवडतात. उलट ०.०५ च ठेवलंत तर रीमर कापत नाही, नुसता घासतो आणि धार जाते.

रीमर टेपर शँकचा (निमुळत्या दांड्याचा) घ्या, ड्रिल चकमध्ये पकडू नका. दांडा बसतो ती स्लीव्ह आतून पुसून घ्या. एक बारीक चिप अडकली तरी रीमर हेलकावतो. डायलवर रनआउट (फिरताना होणारी डगमग) ०.०२ च्या आत हवा. फ्लोटिंग होल्डर (रीमरला किंचित सरकू देणारा) असेल तर फारच चांगलं.

एचएसएस (हाय स्पीड स्टील) रीमरला २०० ते २५० आरपीएम पुरे, पण फीड (रीमर आत उतरण्याचा वेग) दमदार हवी: ही प्लेट साधारण अर्ध्या मिनिटात पार व्हावी. फीड कमी आणि स्पीड जास्त झाला की चॅटर (थरथर) येतो. कटिंग ऑइल सतत सोडा.

उभे ओरखडे बहुधा स्पिंडल बंद करून रीमर ओढल्याने येतात. सुलट फिरत असतानाच बाहेर काढा. उलटा तर कधीच फिरवू नका, चिप धारेमागे अडकून धार तुटते.

भोकाचं माप तपासायचा प्लग गेज जॉब गार झाल्यावरच घाला.