टमी टकसाठी (पोटावरची सैल त्वचा आणि चरबी काढायच्या सर्जरीसाठी) परदेशात गेलं तर आठवड्याभरात परत येता येईल का?
आठवड्यात सर्जरी आणि लगेच रिटर्न फ्लाइट असा प्लॅन असेल तर प्लीज एवढी घाई करू नका. पोटाच्या ऑपरेशननंतर निदान 10 दिवस विमान टाळा असं अमेरिकेची सरकारी आरोग्य संस्था सीडीसी सांगते, टमी टकला मी तर 2-3 आठवडे धरून चालेन. कारण पायात रक्ताची गुठळी होते ना, ती सुटून फुफ्फुसात गेली तर जिवावर बेतू शकतं, टमी टकमध्ये हा धोका असतोच आणि त्यात विमानात तासनतास एका जागी बसणं म्हणजे अजून भर. शिवाय जखमेत साचणारं पाणी बाहेर काढायला लावलेल्या ड्रेनच्या नळ्या निघेपर्यंत सर्जनच्या जवळ राहिलेलं बरं, सुरुवातीला सरळ उभंही राहता येत नाही, वाकूनच चालावं लागतं, म्हणून सोबत कुणीतरी न्याच. सिगरेट असेल तर निदान 4 आठवडे आधी बंद, नाहीतर जखम नीट भरत नाही. आणि हो, पुढे मूल हवं असेल तर सर्जरी त्यानंतरच करा. पॅकेज स्वस्त दिसतं, पण घरी आल्यावर पोटाच्या त्वचेखाली पाणी साचलं किंवा इन्फेक्शन झालं तर बघणार कोण, हे जवळच्या एखाद्या सर्जनशी जायच्या आधीच बोलून ठेवा आणि येताना ऑपरेशनचे सगळे पेपर्स घेऊनच निघा.