वाचकांचे प्रश्न : सांडपाणी केंद्रात रसायन शिरले तर

प्रश्न : आमच्या नगरपंचायतीचे छोटे सांडपाणी प्रक्रिया केंद्र आहे, एअरेशन टाकी (हवा देऊन घाण खाणारे जिवाणू वाढवतात ती) २०० घनमीटरची. रात्री कुणीतरी गटाराच्या चेंबरमध्ये टँकर रिकामा केला. सकाळी पाणी पिवळे, वास उग्र, टाकीवर पांढरा फेस. डीओ (पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन) एरवी लिटरला २ मिलिग्रॅम असतो, तो ६ वर गेला. कुणी म्हणतो चुना टाका, कुणी म्हणतो सगळे नाल्यात सोडून टाकी धुऊन घ्या. काय करावे?
— एक ऑपरेटर, यवतमाळ जिल्हा

उत्तर : दोन्ही करू नका. हवा देणारा ब्लोअर तेवढाच चालू असताना डीओ असा चढतो, याचा अर्थ ऑक्सिजन वापरणारे जिवाणू थंडावले आहेत. टाकीतल्या जिवाणूंच्या गाळाला विषबाधा झाली आहे.

सगळ्यात आधी माणसे सांभाळा. सम्पमध्ये (सांडपाणी साठते त्या खड्ड्यात) किंवा चेंबरमध्ये कुणालाही उतरू देऊ नका. आम्लाचे पाणी गटारातल्या सल्फाइडला भेटले की हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू सुटतो आणि १०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत १००) आसपास नाकच बधिर होते. म्हणून वास थांबला तरी धोका टळला असे धरू नका. प्लेटिंगच्या (धातूला मुलामा देणाऱ्या कारखान्याच्या) पाण्यात सायनाइड असू शकते, त्यामुळे हायपोचा (जंतुनाशक सोडियम हायपोक्लोराइटचा) डोसही वाढवू नका. त्यातूनही विषारी वायू होतो.

मग इनलेट गेट बंद करून येणारे पाणी समतोल टाकीत (प्रक्रियेआधी पाणी साठवण्याच्या टाकीत) वळवा. तिथे काही तासांचीच जागा असते, तेव्हा पाणीपुरवठ्याला सांगून नळ उशिरा सोडायला लावा. नळ नाही तर सांडपाणीही कमी. प्रक्रिया झालेले पाणीही नाल्यात जाऊ देऊ नका.

नमुना ताबडतोब घ्या, दुपारपर्यंत पाणी बदललेले असते. कीटकनाशक व सॉल्व्हंटसाठी काचेची गडद बाटली, धातूंसाठी प्लास्टिकची; प्रत्येकी १ लिटर. बाटलीवर वेळ आणि जागा लिहून बर्फात ठेवा. सायनाइडसाठी वेगळी बाटली लागते, त्यात कॉस्टिक सोडा घालून पीएच १२ च्या वर न्यावा लागतो. हे नमुने उपचार ठरवायला कामाचे. कोर्टात टिकणारा नमुना प्रदूषण नियंत्रण मंडळाचा अधिकारी घेतो, म्हणून मंडळाच्या कार्यालयाला लगेच कळवा. जलप्रदूषण कायदा, १९७४ च्या कलम ३१ नुसार असे कळवणे बंधनकारकच आहे.

चुन्याबद्दल. पिवळे पाणी हे सहा-संयुजी क्रोमियमचे असू शकते आणि नुसत्या चुन्याने ते खाली बसत नाही. आधी आम्लात सोडियम मेटाबायसल्फाइट हे रसायन देऊन त्याचे रूप बदलावे लागते, मग चुना. हे काम जाणकाराच्या देखरेखीखाली, वेगळ्या टाकीत. एअरेशन टाकीत तर मुळीच नाही.

आता गाळ वाचवा. क्लॅरिफायरच्या (गाळ खाली बसवण्याच्या टाकीच्या) तळाशी बसलेल्या गाळाला मार कमी लागलेला असतो. गाळ एअरेशन टाकीत नेणारा परतीचा पंप थांबवून तो रिकाम्या टाकीत काढा आणि हवा द्या. क्लॅरिफायरमध्येच ठेवला तर काही तासांत सडतो. जिवंत आहे का ते बघायला बाटलीत गाळपाणी घेऊन जोराने हलवा, डीओ मीटरची कांडी घाला आणि १० मिनिटे दर मिनिटाला आकडा लिहा. चांगला गाळ मिनिटाला साधारण ०.३ ते ०.७ मिलिग्रॅम प्रति लिटर ऑक्सिजन खातो. आकडा जागचा हललाच नाही, तर तो गाळ गेला.

तसे झाले तर शेजारच्या शहरातल्या केंद्रातून घट्ट गाळ आणा, टाकीच्या साधारण १० टक्के, म्हणजे १०,००० लिटरचे दोन टँकर. गूळ-युरियाची गरज नाही, घरगुती सांडपाण्यात अन्न आणि नत्र दोन्ही असते. प्रवाह आधी पाव, डीओ आणि गाळ स्थिर दिसला की अर्धा, मग पूर्ण. अडवून ठेवलेले पाणी आत घेण्याआधी चांगल्या गाळात ५, १० आणि २५ टक्के मिसळून वरचीच बाटली-चाचणी करा. ऑक्सिजन खाण्याचा वेग घसरला तर ते पाणी घ्यायचे नाही. सेंद्रिय भार काढणारे जिवाणू आठवड्याभरात सावरतात, अमोनिया खाणारे तीन-चार आठवडे घेतात. तोवर अमोनिया जास्त दिसला म्हणून घाबरू नका.

प्रश्न : त्याच नाल्याकाठी माझी विहीर आहे. त्या पाण्यावर पऱ्हाटी आणि भाजी आहे.
— एक शेतकरी

उत्तर : तपासणीचा अहवाल येईपर्यंत मोटर बंद ठेवा. उपसा केला की नाल्याचे पाणी विहिरीकडे ओढले जाते. जनावरांनाही तिथे पाजू नका. पाणी उकळून धातू जात नाहीत, उलट त्यांचे प्रमाण वाढते. ब्लीचिंग पावडरही त्यावर चालत नाही. पालक-मेथीसारख्या पालेभाज्यांना ते पाणी आधीच दिले असेल, तर त्या बाजारात नेऊ नका.

प्रश्न : केंद्रातला वाळलेला गाळ खत म्हणून मिळतो. घ्यावा का?

उत्तर : या घटनेनंतरचा घेऊ नका. धातूंची तपासणी होईपर्यंत तो ताडपत्रीखाली, पक्क्या फरशीवर वेगळा राहिला पाहिजे. तपासणीत घातक ठरला, तर बुटीबोरीच्या घातक कचरा केंद्रात पाठवणे ही नगरपंचायतीची जबाबदारी आहे.