कार्ब्युरेटरवाली जुनी मारुती ८०० सकाळी सुरू होत नाही, काय तपासू?

आधी हेडलाइट लावा आणि मग किल्ली फिरवा. नुसता 'टक्' आवाज आला आणि लाइट मंदावले, तर बॅटरी किंवा टर्मिनल (बॅटरीला तारा जोडतात ती टोकं). टर्मिनलवर पांढरी-हिरवी पूड साचली असेल तर गरम पाणी ओतून घासा, घट्ट आवळा. बऱ्याच गाड्या इथेच सुरू होतात. मल्टिमीटर असेल तर रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास हवी. १२.२ च्या खाली असेल तर चार्जिंगला द्या. लाइट तसेच प्रखर राहिले, तर स्टार्टर (इंजिन फिरवणारी मोटर) किंवा त्याची वायरिंग बघा.

स्टार्टर जोमात फिरतोय पण इंजिन पकडत नाही? मग चोक (थंड इंजिनला जास्त पेट्रोल मिळावं म्हणून ओढायची कळ) पूर्ण ओढून बघा. तरी नाहीच, तर आणखी थोडा स्टार्टर मारून लगेच एक स्पार्क प्लग (पेट्रोल पेटवायला ठिणगी देणारा) काढा. कोरडा निघाला तर पेट्रोल पोचत नाहीये: फिल्टर, पंप, पाइप बघा. ओला आणि पेट्रोलचा वास येणारा असेल तर एकतर ओव्हरफ्लो झालंय, म्हणजे इंजिनात जास्त पेट्रोल गेलंय, किंवा ठिणगी पडत नाहीये. पावसाळ्यात डिस्ट्रिब्युटर कॅपच्या (प्लगना वीज वाटणाऱ्या भागाच्या झाकणाच्या) आत ओल धरते, ती आधी कोरड्या फडक्याने पुसा.

मेकॅनिकने बघताक्षणी 'कार्ब्युरेटर खोलावा लागेल' म्हटलं, तर आधी प्लग दाखवायला सांगा.