जाड हाडातही मिनीस्क्रू ढिला का होतो?

तुमच्या दोन रुग्णांच्या खालच्या जबड्यात, दुसरी उपदाढ आणि पहिली दाढ यांच्या मध्ये बसवलेले मिनीस्क्रू (दात सरकवताना आधार म्हणून हाडात बसवायचे छोटे स्क्रू) महिन्याभरात ढिले झाले. सीबीसीटीवर (जबड्याच्या त्रिमितीय एक्स-रे स्कॅनवर) तिथले हाडाचे बाहेरचे कवच चांगले जाड दिसत होते आणि वरच्या जबड्यातल्या पातळ हाडातले स्क्रू मात्र टिकले. मग जाडी मोजण्यात अर्थ काय, असे तुम्ही विचारले आहे.

अर्थ आहे, पण एका मर्यादेपर्यंतच. स्क्रू बसवल्यावर सुरुवातीला त्याला धरून ठेवते ते मुख्यतः हे बाहेरचे कवच, म्हणजे कॉर्टिकल हाड. आतल्या जाळीदार हाडाचा वाटा लहान असतो. हे कवच किमान १ मिलिमीटर असावे, असे मोतोयोशी यांच्या जपानी गटाच्या २००७ मधील अभ्यासातून पुढे आले. त्याच गटाने २००६ मध्ये स्क्रू पिळताना लागणारा टॉर्क (पिळण्याचा जोर) ५ ते १० न्यूटन-सेंटीमीटर असावा असे सुचवले होते, आणि या दुसऱ्या आकड्याची वरची बाजू आपण सहसा विसरतो.

खालच्या जबड्यातले हाड जाड असते तसेच घट्टही असते. तिथे पूर्वछिद्र (स्क्रूसाठी आधी पाडलेले छिद्र) न घेता स्क्रू जोर लावून पिळला, तर आट्यांभोवतीच्या हाडाला सूक्ष्म तडे जातात, घर्षणाने ते तापते आणि पुढच्या काही आठवड्यांत झिजते. नेमक्या त्याच काळात सुरुवातीची यांत्रिक पकड ओसरत असते आणि नव्या हाडाची पकड अजून पुरती तयार झालेली नसते. तुमचे स्क्रू महिन्याभरात सुटले, यावरून मला आधी हीच शंका येते. घट्ट हाडात स्क्रूच्या व्यासापेक्षा बारीक छिद्र, कमी वेगाने आणि सलाईनची धार सोडत घ्यावे.

पण दोष एकट्या टॉर्कला देण्याआधी पेरिॲपिकल एक्स-रे (दाताचे मूळ दाखवणारा छोटा एक्स-रे) काढून स्क्रू मुळाला टेकला होता का, हे अवश्य पाहा. मुळाला टेकलेला स्क्रू कितीही जाड हाडात फार दिवस टिकत नाही, कारण चावताना दात हलतो आणि तो धक्का थेट स्क्रूला बसतो. शिवाय खालच्या जबड्यात हाडाला घट्ट चिकटलेल्या हिरडीचा पट्टा अरुंद असल्याने स्क्रूचे डोके बऱ्याचदा हलत्या श्लेष्मल त्वचेत जाते, तिथे सूज येते आणि पकड जाते.

मोजमापाबद्दलही एक गोष्ट सांगावीशी वाटते. सीबीसीटीचा व्हॉक्सेल (चित्राचा सर्वांत लहान घन ठिपका) ०.३ ते ०.४ मिलिमीटरचा असेल, तर १ मिलिमीटरचे कवच जेमतेम तीन व्हॉक्सेलमध्ये मावते, तेव्हा ०.९ आणि १.१ यांतल्या फरकावर निर्णय घेऊ नये. जाडी मोजायची तीही स्क्रू ज्या तिरक्या दिशेने जाणार त्याच रेषेत.

२०१२ मधील एका एकत्रित विश्लेषणात सुमारे पाच हजार स्क्रूंपैकी साडेतेरा टक्के अपयशी ठरले होते, त्यामुळे दोन स्क्रू सुटले म्हणून पद्धतच सोडू नका. मात्र त्याच छिद्रात पुन्हा स्क्रू घालू नका; शेजारी जागा नसेल तर बकल शेल्फचा (खालच्या दाढांच्या गालाकडील बाजूच्या सपाट हाडाचा) विचार करा.